पिशवीच्या तोंडावरची जखम

तुर्भ्यातल्या एका बचत गटाची बैठक संपत आली होती. बाया उठायला लागल्या तशी एक जण मागे रेंगाळली आणि ब्लाउजमधून चार घड्या घातलेला केस पेपर काढून तिने माझ्या हातात दिला. घामाने कागद मऊ पडला होता. वय अडतीस. माहेर-सासर दोन्ही बीड जिल्ह्यातलं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कांदा निवडायला जाते. कागदावर खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात तीनच ओळी होत्या. पहिली, सहा महिने अंगावरून पांढरं जातं. दुसरी, सर्व्हिक्सवर इरोजन. तिसरी, पिशवी काढण्याचा सल्ला.

"ताई, पिशवीच्या तोंडाला जखम झालीय म्हणले. आत्ता काढली नाही तर पुढं कॅन्सर होतोय म्हणले. खरंय का?"

"आतून तपासताना काही नमुना घेतला का? काचेच्या पट्टीवर काही लावलं?"

"नाही. बघितलं आन् सांगितलं."

"मग तुम्ही काय ठरवलंय?"

"ठरवायचं काय? जावेची काढली, नणंदेची काढली. माझीच राहिलीय."

घरातलं एखादं काम राहून जावं, तशा सुरात ती हे म्हणाली. तो सूर अजून माझ्या कानात आहे. त्या कागदावरच्या दुसऱ्या ओळीचा अर्थ तिला कुणी नीट सांगितला असता, तर तिसरी ओळ लिहायची वेळच आली नसती. म्हणून आधी त्या दुसऱ्या ओळीचा अर्थ पाहू.

गर्भाशय म्हणजे देठ खाली करून धरलेला पेरू समजा. देठाकडचा निमुळता भाग योनीत किंचित डोकावतो, तेच गर्भाशयमुख, म्हणजे सर्व्हिक्स. बायकांच्या बोलीत पिशवीचं तोंड. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं आणि गरोदरपणात ओठासारखं मऊ होतं. पाळीचं रक्त इथूनच बाहेर येतं, शुक्राणू इथूनच आत जातात. नऊ महिने हे तोंड घट्ट मिटून बाळाला पेलतं आणि प्रसूतीच्या दिवशी दहा सेंटिमीटरपर्यंत उघडतं. एवढ्याशा अवयवावर एवढी कामं आहेत.

या तोंडावर दोन प्रकारच्या पेशींचं अस्तर असतं. बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे एकावर एक थर असतात, गालाच्या आतल्या बाजूसारखे फिकट गुलाबी. आतल्या नळीत मात्र उंच पेशींचा एकच थर असतो. त्यांतून चिकट स्राव पाझरतो, आणि थर एकेरी असल्यामुळे खालच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग वर दिसतो. दोन्ही पेशी जिथे भेटतात ती सीमा आयुष्यभर सरकत राहते. वयात येताना, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना शरीरातलं इस्ट्रोजेन वाढतं आणि आतल्या लालसर पेशी बाहेरच्या बाजूला उमलून येतात. पाळी गेल्यावर सीमा पुन्हा आत जाते.

तपासताना डॉक्टरांना तोंडाभोवती जो लाल गोल दिसतो तो बहुतेक वेळा हाच. जुन्या डॉक्टरांना तो झिजल्यासारखा, सोलवटल्यासारखा दिसला म्हणून त्यांनी त्याला इरोजन नाव दिलं. आता वैद्यकाच्या पुस्तकांत एक्ट्रोपियन म्हणतात, कारण तिथे झीज नसते आणि व्रणही नसतो. पेशी निरोगीच असतात, फक्त जागा बदललेली असते. त्यामुळे पांढरं थोडं जास्त जातं आणि संबंधानंतर कधी रक्ताचा डाग दिसतो. डाग दिसला तर तपासून घ्यायलाच हवं. पण एक्ट्रोपियनचा कॅन्सर होत नाही. त्रास नसेल तर त्याला उपचारही लागत नाहीत.

इरोजनचं मराठी कुणीतरी जखम असं केलं आणि तो शब्द दवाखान्यादवाखान्यांत रुळला. जखम म्हटली की ती चिघळणार, तिचा कॅन्सर होणार, हे ऐकणाऱ्या बाईच्या मनात आपोआप जुळतं. माझ्या मते या राज्यातल्या बायकांचं जेवढं नुकसान या एका शब्दाने केलं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलं असेल.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि खाडा केला की पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणं, कंबरदुखी हे सगळं म्हणजे खाड्याची भीती. त्यात कुणी कॅन्सर होईल म्हटलं, की पिशवी काढणं हाच एकदाचा मोकळं होण्याचा मार्ग वाटायला लागतो. पण अंडाशयंही सोबत काढली तर त्याच दिवशी पाळी गेल्याची अवस्था येते. ती ठेवली तरी बऱ्याच जणींची पाळी जाण्याची वेळ लवकर येते. हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा निघतात, आणि ऊस तोडायला लागणारी ताकदच कमी होते.

पांढरं जाणं हा मुळात आजार नव्हे. पाळीच्या मध्यावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला तर तार निघणारा स्राव येतो, तो बीज सुटायच्या सुमाराची खूण असतो. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. करडा, मासळीसारखा वास असेल तर योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा जंतू, आणि मग नवऱ्यालाही त्याच वेळी गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर बायको बरी होते आणि पुन्हा तिला लागण होते. गर्भाशयमुखाला खरोखर सूज आणणारे क्लॅमिडिया आणि परमा यांसारखे संसर्गही असतात. त्यांनाही औषधं आहेत. योनी आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणं मात्र थांबवायला हवं, त्याने तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला तेव्हा जगभरच्या आरोग्य क्षेत्रात खळबळ उडाली. १०० पैकी ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी कधीही आतून तपासणी झालेल्या बाया १०० मध्ये जेमतेम ८ होत्या. त्या अभ्यासातून मला उमगलेली गोष्ट अशी, की दुखणं उदंड आहे आणि त्यातलं बहुतेक गोळ्यांनी बरं होणारं आहे, पण ते पाहायलाच कुणी जात नाही. आणि जेव्हा एकदा कुणी पाहतं, तेव्हा सरळ पिशवी काढायची भाषा होते.

वास्तविक आपल्याच मुंबईत पिशवीचं तोंड राखण्याचं शास्त्र घडलं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९ चा, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजातलं. त्यांच्याकडे अशा बाया यायच्या ज्यांचं मूल चौथ्या-पाचव्या महिन्यात, वेदना न होता, पुन्हा पुन्हा पडायचं. रक्ताच्या उणिवेपासून नशिबापर्यंत सगळ्याला दोष दिला जायचा. शिरोडकरांचं निदान असं, की काही जणींमध्ये पिशवीचं तोंडच सैल असतं आणि वाढत्या बाळाचं वजन त्याला पेलवत नाही. बाईच्याच मांडीतल्या पांढऱ्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयमुखाभोवती, पिशवीचं तोंड नाडीने आवळावं तशी, टाकली. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात शिरोडकर टाका म्हटलं की डॉक्टरांना कळतं, पुष्कळांना ते आडनाव गोव्याचं आहे हे ठाऊकही नसतं. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांसाठी पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रियाही त्यांनी आणि मुंबईच्याच पुरंदरेंनी रूढ केल्या. त्यांच्या हयातीत वरच्या वर्गातली बाई असो की जे. जे. रुग्णालयातली, तिला पुढे मूल हवं असेल, नांदायचं असेल, हा विचार शस्त्रक्रियेच्या आधी होत होता. तो विचार आज तुर्भ्याच्या केस पेपरवर दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खऱ्या भीतीकडे येऊ, कारण ती खोटी नाही. २०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्याने गेल्या. या कॅन्सरचं कारण मात्र फार थोड्या कॅन्सरांच्या बाबतीत माहीत असतं इतकं नेमकं माहीत आहे. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालं. या विषाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, पण १६ आणि १८ या दोनच क्रमांकांमुळे जगातले दहापैकी सात गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, म्हणून त्याचं नाव काढलं की सासरी कुजबुज सुरू होते. पण शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही होते. रिपोर्टवर एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणजे कुणाच्या चारित्र्याबद्दल काही सिद्ध होत नाही. आणि बहुतेक लागण शरीर स्वतःच दोनेक वर्षांत निपटून काढतं.

ज्या थोड्या जणींमध्ये विषाणू टिकून राहतो, त्यांच्या सीमेवरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. निरोगी बाईत बदललेल्या पेशींपासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास पंधरा ते वीस वर्षांचा असतो. एचआयव्ही असून औषधं चालू नसतील तर तो पाच ते दहा वर्षांवर येतो. म्हणजे तिशीतल्या बाईच्या हातात पुष्कळ वेळ आहे. त्या वेळात दर काही वर्षांनी कुणीतरी तिथे पाहिलं, तर कॅन्सर होण्याआधीच तो थांबवता येतो. मग कुणी पाहायचं, आणि कशाने?

या प्रश्नाचं जगाला मिळालेलं उत्तर मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रातून गेलं आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्यातून तिथल्या डॉक्टरांना, त्यात डॉ. भगवान नेने आघाडीवर होते, दिसलं की खेड्यांत हा कॅन्सर बाईला सगळ्यांत जास्त गाठतो आणि ती येते तेव्हा उशीर झालेला असतो. १९९९ पासून त्यांनी, फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांच्यासोबत, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना सामावून घेतलं. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे तोंडावरच्या पेशी काचेच्या पट्टीवर घेऊन तपासणं, काहींत व्हिनेगर लावून पाहणं, आणि उरलेल्यांत नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनंतर हिशेब मांडला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांत एचपीव्ही चाचणीला आज जे पहिलं स्थान आहे, त्यात या गावांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

व्हिनेगरच्या चाचणीने त्या अभ्यासात एका फेरीत ठळक फरक पडला नव्हता. पण मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि डॉ. गौरवी मिश्रा यांच्या चमूने १९९८ पासून वस्त्यांमध्ये तीच चाचणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. सुमारे दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्याच बाया होत्या. बारा वर्षांनी तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. या अभ्यासांत तपासणी न केलेल्या गटातल्या बायकांचं काय, हा प्रश्न परदेशातल्या आणि इथल्याही काही डॉक्टरांनी कडक शब्दांत विचारला. तो प्रश्न रास्त होता असं मला वाटतं. त्या बायकांच्या वाट्याला आलेल्या मृत्यूंचं ऋण फेडायचं तर निष्कर्ष कपाटात ठेवून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, तिशी ते पन्नाशीच्या आतल्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या बाया १.९ टक्के होत्या.

ती व्हिनेगरची चाचणी कशी असते हे जवळून सांगते, कारण पुष्कळ जणी ती न पाहताच घाबरतात. पडद्यामागे टेबल असतं. पाय दुमडून उताणं झोपायचं. नर्सताई स्पेक्युलम नावाचं, बदकाच्या चोचीसारखं साधन आत घालून हळूच उघडतात. थोडं ताणल्यासारखं, गार वाटतं. दुखत नाही. अंग सैल सोडलं, तोंडाने श्वास घेतला तर सोपं जातं. मग टॉर्चचा किंवा दिव्याचा उजेड. वाटीत तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिडचं पाणी असतं, वास स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखाच. कापसाचा बोळा त्यात बुडवून तोंडावर ठेवतात आणि घड्याळाकडे पाहत एक मिनिट थांबतात. किंचित चुरचुरतं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथे पेशी बदललेल्या असतात तिथे सीमेला लागून दाट, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटतो. बदललेल्या पेशींत केंद्रकातली प्रथिनं जास्त असतात, आम्लाने ती काही वेळ गोठतात, म्हणून पांढरी दिसतात. दोन-चार मिनिटांत डाग विरून जातो. पुरी चाचणी चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात होते आणि निकाल तिथल्या तिथे सांगतात.

पन्नाशीनंतर सीमा आत सरकलेली असते, तेव्हा या चाचणीवर विसंबता येत नाही. तिथे एचपीव्ही चाचणी किंवा पॅप स्मिअर बरी. एचपीव्हीच्या चाचणीसाठी नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. कापसाची कांडी आत घालून फिरवायची आणि नळीत ठेवायची. ज्यांना टेबलावर चढायचीच लाज वाटते, ज्यांना कामावरून दोन तास सुटणं अवघड आहे, त्यांच्यासाठी यासारखी सोय नाही. माझ्या मते पुढची दहा वर्षं ही कांडी घरोघर पोचवण्यातच खर्च व्हायला हवीत.

पांढरा डाग आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. दुर्बिणीसारख्या कॉल्पोस्कोपने नीट पाहतात, गरज वाटली तर शेंगदाण्याच्या फोलपटाएवढा तुकडा तपासायला देतात. कॅन्सरपूर्व बदल असेल तर तेवढीच जागा शंभरएक अंशांपर्यंत तापवलेल्या गोल टोकाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास शेकतात, किंवा गोठवतात, किंवा विजेच्या बारीक तारेने कातरून काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागेवरच राहते.

आणि नीट न पाहता पिशवी काढली तर? ही गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. गर्भाशयमुखात आधीच कॅन्सर दडलेला असेल आणि तो न ओळखता साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तर ती अपुरी ठरते. मग किरणोपचार द्यावे लागतात, आणि पिशवीची जागा रिकामी झाल्यामुळे आतडी खाली उतरलेली असतात, ती किरणांच्या वाटेत येतात. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे केंद्र आहे. तिथल्या डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या चमूने पिशवी काढल्यानंतर किरणोपचार लागलेल्या ३०० बायकांचा अभ्यास केला. जुन्या पद्धतीने किरण दिलेल्या गटात तीन वर्षांत शेकडा ४२ जणींना आतड्यांचा त्रास झाला. दररोज चित्र घेऊन नेमक्या जागी किरण देण्याच्या नव्या पद्धतीत तो शेकडा २१ वर आला. त्रास निम्मा झाला ही मोठीच गोष्ट आहे, पण तरीही पाचातल्या एकीला तो झालाच. दडलेला कॅन्सर आधीच ओळखला गेला, तर शस्त्रक्रिया हवी की किरण, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच नीट ठरवता येतं आणि यातल्या कित्येक जणींवर दोन्ही उपचार सोसायची पाळी येत नाही.

टाटा मेमोरियलच्याच अभ्यासांतून हेही कळलं, की कॅन्सर थोडा पसरलेला असेल तेव्हा आधी केमो देऊन शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरण आणि केमो एकत्र दिल्याने कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. आणि कॅन्सर ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या ८५० बायकांमध्ये किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्याने पाच वर्षांनी शेकडा ५४ जणी हयात होत्या, नुसत्या किरणांवर शेकडा ४६. तिसऱ्या टप्प्यालाही निम्म्याहून जास्त बाया पाच वर्षं काढतात, हे गावाकडे कुणी सांगत नाही. तिथे कॅन्सर म्हटलं की घरची माणसं खर्चाला घाबरून बाईला परत घेऊन जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचारांचा समावेश आहे, त्याबद्दल विचारून घ्यायला हवं.

लसीबद्दल थोडक्यात सांगते. एचपीव्हीची लस मुलींना नऊ ते चौदा वर्षांत, विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. एक डोस पुरतो का, या प्रश्नाचं उत्तरही आपल्याकडच्या मुलींनी दिलं. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातल्या इतर ठिकाणी दोन की तीन डोस यावर अभ्यास चालू होता. आंध्र आणि गुजरातमधल्या वेगळ्याच एका प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये सरकारने सगळंच लसीकरण थांबवलं. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं पुढे चौकशीत दिसलं. पण मधेच थांबल्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. डॉक्टरांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ क्रमांकाच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांपर्यंत संरक्षण दिलेलं होतं, तीन डोसांइतकंच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यात या आकड्यांचा आधार होता. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

तुर्भ्याच्या त्या बाईला मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. व्हिनेगरची चाचणी निर्दोष आली. तोंडावरचा लाल भाग एक्ट्रोपियनच होता. पांढरं जाण्याचं कारण ट्रायकोमोनास निघालं. नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या. नवरा सुरुवातीला म्हणाला, मला काय झालंय? नर्सताईंनी त्याला बाजूला बसवून दोन वाक्यांत समजावलं आणि त्याने गोळ्या घेतल्या. तीन आठवड्यांनी तिचं जाणं थांबलं. नव्या केस पेपरवर पुढच्या तपासणीसाठी पाच वर्षांनंतरचं साल लिहिलं आहे. जुना कागद तिने फाडला नाही. गावाकडे धाकट्या जावेला दाखवायला ठेवलाय म्हणाली.

तुम्ही तिशी ओलांडली असेल आणि ही तपासणी कधीच झाली नसेल, तर या महिन्याची पाळी संपली की आठवड्याभरात जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन या. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं असेल, वास येणारं पाण्यासारखं जात असेल, तर महिन्याची वाट पाहू नका, उद्याच जा. आणि कुणी पिशवी काढायला सांगितली, तर सही करण्याआधी एवढंच विचारा : माझी व्हिनेगरची, एचपीव्हीची किंवा पॅपची तपासणी झाली आहे का, आणि तिचा रिपोर्ट कुठे आहे?